शेळीला दिलेलं औषध

आई, काल माझा वडा गार झाला. साधा गार नाही, त्याचं कव्हर ओल्या बुटासारखं झालं. दादरच्या ज्या कॅफेत वड्याला काटा-चमचा देतात, तिथे चार शिकलेली माणसं माझ्यासमोर भांडत होती की दिवस नेमका केव्हा सुरू होतो. एक वकील, एक दातांची डॉक्टर आणि दोघं कॉम्प्युटरवाले. आम्ही गोष्टीचा एक खेळ खेळत होतो, त्यात डॉक्टरच्या जादूगाराला विंचू चावला होता. वकील आमचा वैद्य, त्याच्याकडे दिवसातून एकदाच देता येणारा उतारा, आणि तो त्याने संध्याकाळीच स्वतःवर वापरलेला. आता गोष्टीत मध्यरात्र उलटून गेली होती. मग हा नवा दिवस की जुनाच? नियमांच्या पुस्तकात नुसतंच 'दिवस' लिहिलंय; कुठून कुठपर्यंत, ते लिहायचं राहिलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गोष्ट सांगणारा मी, आणि या खेळात जिथे नियम गप्प बसतो तिथे गोष्ट सांगणाऱ्याने तोंड उघडायचं असतं. त्याला गेम मास्टर म्हणतात. आपल्याकडे पंच म्हणायचे.

हा खेळ आपल्या लालबागच्या खोलीत आला तेव्हा मे महिना होता. बोटीवरच्या मामाने कुठल्यातरी बंदरातून आणलेला खोका, त्यात चित्रविचित्र फासे आणि एक इंग्रजी पुस्तक. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन फाशांच्या भरवशावर जगायचं. बाबांनी झाकण उघडून पाहिलं आणि पत्ते नाहीत म्हणून परत लावलं. तू चष्मा लावलास. नोकरी पोस्टातली असली तरी जीव तुझा मुलींच्या कबड्डीत. तू पंच आहेस म्हटल्यावर मोठमोठ्या मंडळांच्या पोरी लाइनपासून वीतभर लांब उभ्या राहायच्या. त्याच आवाजात तू पोळ्या लाटता लाटता आम्हाला गुहेत नेलंस. मी वैद्य, आणि बहीण, आपली धाकटी, ती राणी. माझ्याबरोबर एक शेळीही होती. नियमात शेळीला बंदी नव्हती म्हणून तू ती मंजूर केली होतीस.

संध्याकाळी शेळीला साप चावतो. मी तिला औषध देतो. मध्यरात्रीनंतर राणीला चावतो. धाकटी नऊ वर्षांची आहे, तिच्या केसांना चमकीच्या कागदाचा मुकुट पिनेने अडकवलेला आहे. मी म्हणतो, बारा वाजून गेले, नवा दिवस, नवं औषध. तू लाटणं थांबवत नाहीस. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मानेने दाखवतेस, त्यात सूर्योदयाची वेळ छापलेली असते. "पुस्तक तिकडचं असेल. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर सुरू होतो. राणी मेली." धाकटीचे ओठ थरथरायला लागतात. तेव्हा तू तिच्याकडे बघून म्हणालीस, "रडलीस तर टाइम आउट देईन. पॉइंट नाही देणार." आणि गरम पोळी तूप लावून शेळीच्या मालकाला, म्हणजे मला, वाढलीस. त्यानंतर धाकटी पुन्हा खेळली नाही. आता ती परळच्या एका टॉवरमधल्या ऑफिसात माणसांना कामावरून काढते आणि जाताना प्रत्येकाला पाणी विचारते. तुझा वारसा मला मिळाला असं लोक म्हणतात. लोकांना काही कळत नाही.

तुझ्या शेवटच्या दिवसांत कळ थांबवणारी गोळी दिवसातून एकच होती. फोनवर डॉक्टर मला म्हणाले होते, आता कमी काय नि जास्त काय, तुम्हीच ठरवा. नियम त्यांचा, निकाल आमच्या गळ्यात. त्या रात्री तू पलंगाची कड धरून पडली होतीस. मी गोळी चमच्यात ठेवून म्हटलं, आई, बारा वाजून गेले, नवा दिवस. तू डोळे न उघडता विचारलंस, "उजाडलं?" खोटं बोलायची माझी तयारी होत होती, तेवढ्यात खुर्चीतून धाकटी म्हणाली, "नाही उजाडलं." आवाज तुझाच. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? पंचांनी निर्णय दिलाय." ती एवढी वर्षं कशाची वाट बघत होती ते मला तेव्हा कळलं, आणि खरं सांगतो, मला तिची भीती वाटली. तू मात्र किंचित हसलीस. चांगली पकड झाली की मैदानावर हसायचीस, तसं.

थोड्या वेळाने तू पुन्हा विचारलंस. ती पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तुझा आवाजच फुटला नाही, नुसते ओठ हलले. खाली दूधवाल्याचाही पत्ता नव्हता. धाकटी उठली, तिने ट्यूबलाइट लावली, पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, "उजाडलं, आई. घे." तू तोंड उघडलंस. तुला कळलं नसेल असं मी मानत नाही. लाइनवर अंगठा टेकला तरी तुला मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून दिसायचा. पण शिट्टी वाजली नाही.

काल मी तुझाच निर्णय दिला. दिवस उजाडल्यावर, जादूगार मेला. वकिलाने पुस्तक उघडून विचारलं, कुठल्या पानावर लिहिलंय? मी म्हटलं, भिंतीवर. दातांची डॉक्टर आपले फासे पिशवीत भरू लागली, आणि मला चांगलं वाटलं. अगदी मनापासून चांगलं वाटलं. गार वडा मी चवीने खाल्ला. तुलाही असंच वाटायचं का गं? वाटत असणार. पोळीवरचं तूप आठवतंय मला.

घरी येऊन धाकटीला मेसेज केला: "बारा वाजून गेलेत. राणीला औषध दिलं. वाचली."

तिचं उत्तर आलं: "उजाडलं नव्हतं. औषध एकच. शेळी?"

मी लिहिलं, "शेळी गेली."

"पंचांना विचारलंस?"

म्हटलं, तिलाच पत्र लिहितोय.

"पाठवू नकोस," तिने लिहिलं. "निर्णय फिरवेल ती."

तर पाठवत नाही. शेळीचं वाईट वाटलं, ते धाकटीला कळवलेलं नाही.