मागे भिंत, पुढे दर्शना

५ जानेवारी
बंपरला पुन्हा ओरखडा. चूक बाबांची. मी ऑफिसमधून चारकोपला पोचलो की ते खाली येऊन गाडीच्या मागे उभे राहतात आणि येवंदे, येवंदे करतात. बस म्हणतात तेव्हा मी ऑलरेडी भिंतीला लागलेलो असतो. रुचिरा म्हणते, ते वेळेवरच सांगतात, तूच ब्रेक मारायच्या ऐवजी त्यांच्याशी वाद घालतोस. बायकोने नवऱ्याच्या ड्रायव्हिंगवर बोलू नये. पार्किंग सेन्सर बसवणार. फायनल.

७ जानेवारी
बसवले! मागच्या बंपरला चार डोळे. झकास दिसतात. रुचिराने विचारलं, एवढ्याची गरज होती का, त्यापेक्षा रिव्हर्स शीक ना. म्हटलं, रिव्हर्स मला येतो, फक्त मागचं दिसत नाही.
बाबांना सांगितलं, उद्यापासून खाली यायचं नाही, आराम करा. पायात सरकवलेल्या चपला काढून ठेवल्या आणि बरं म्हणाले. किती सुटल्यासारखं वाटलं असेल बिचाऱ्यांना!

१० जानेवारी
सेन्सर फारच हुशार. मांजर आलं, बोंबलतो. कुंडी दिसली, बोंबलतो. भिंत तर आहेच. सारखं बोंबलल्यावर माणसाने लक्ष कुठे द्यायचं? आज गाणी मोठ्याने लावली. किंचित धक्का बसला, पण ती भिंतच सरळ बांधलेली नाही.

१५ जानेवारी
बाबा संध्याकाळी गॅलरीतसुद्धा येत नाहीत. रुचिरा भडकली. म्हणाली, दुपारपासून तुझी वाट बघायचे, शर्ट बदलायचे, दिवसभरात तेवढंच एक काम होतं त्यांना, तेही तू काढून घेतलंस. मी म्हटलं, त्यांना घरी बसवताना मिलवाल्यांनी तर विचारलंही नव्हतं, मी निदान सन्मानाने रिटायर केलं. त्यावर ती चहा घेऊन बाबांकडे गेली, माझा कप ओट्यावरच.
रविवारी बाबांना गाडीने दहिसरला आत्याकडे नेणार. नक्की.

१८ जानेवारी, रविवार
नाही नेलं. गाडी काढली की परत लावावी लागते.

२२ जानेवारी, संध्याकाळी ७.४५, गाडीतच, मोबाइलवर
आज इतकी परफेक्ट लागली की काय सांगू. फक्त दार उघडत नाही. उजवीकडे खांब, डावीकडे शेजारच्या नंदकिशोरची गाडी. सेन्सर मागचं बघतो, बाजूचं नाही, यात माझा काय दोष? पुढे घेऊन पुन्हा लावणारच होतो. पण आधी सेन्सरचा तो बोंबलणारा बझर बंद करायला वाकून त्याची वायर शोधत बसलो, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या दर्शनाने माझ्या पुढ्यात आडवी गाडी लावली आणि ती गेलीसुद्धा. आमच्या सोसायटीची पद्धतच आहे. जागा नसली की आडवी लावायची, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता. ज्याला निघायचंय त्याने ढकलायची. अरे, पण ढकलायला आधी बाहेर यावं लागतं ना यार!

८.१०
हॉर्न वाजवणार नाही. अख्खी सोसायटी खाली येईल. रुचिराला फोन केला. ती पार्ल्याला माहेरी. आधी पोटभर हसली, मग म्हणाली, बाबांना सांग.

८.३०
नाही सांगणार.

८.५०
लघवी लागली. सांगितलं.

९.३०, घरी
बाबा लगेच आले. धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून. माका उशीर झालो काय, असं विचारलं. सॉरी म्हणणार होतो, पण आधी गाडी काढणं महत्त्वाचं. त्यांनी नंदकिशोरला हाक मारली, दोघांनी मिळून दर्शनाची गाडी ढकलली. मग बाबांनी मला पुढे घेतलं आणि येवंदे, येवंदे करत असं मागे आणलं की दोन्ही दारं सताड उघडली. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. त्यातल्या काही मला असाव्यात.

२७ जानेवारी
ऑफिसात चैतन्यने विचारलं, पार्किंग सेन्सर बसवू का? म्हटलं, डोळे मिटून बसव.
माझा मी तूर्त बंद ठेवलाय. बॅटरी वाचते. सकाळी बाबांना म्हटलं, रिपेअर होईपर्यंत खाली येत चला, माझी हरकत नाही.
संध्याकाळी आलो तर ते आधीच खाली. नंदकिशोरची गाडी लावून देत होते. मग दर्शनाची. तिच्यामागे बी विंगवाले. मी गेटातून हॉर्न दिला, ओरडलो, बाबा, मी आहे! त्यांनी मागे न बघताच हात केला. म्हणाले, थांब रे, लायनीत ये.
लायनीतच हे लिहीत बसलो होतो. तेवढ्यात माझा नंबर येऊन गेला. बाबांनी मागच्याला आत घेतलं.