ट्वायलासाठी बांधलेला कार्बोरेटर

१६ एप्रिल १९७९, सोमवार

ट्वायला आली ती कार्बोरेटर पुढच्या सीटवर बसवून, वर पट्टा लावून — पाहुणा आणल्यासारखा! माझ्या ओट्यावर आदळला. पाव कापायचा होता तिथे.

"आत्या, हा बसवून दे. साडेआठशेचा आहे."

"कशाला बसवू? ट्रॅक्टरला?"

"बाबांच्या गाडीला. यंदा मी पळवणार."

माझ्या भावाला, लेलँडला, जाऊन आठ महिने झाले. त्याची शर्यतीची गाडी तेव्हापासून त्यांच्या कोठारात, ताडपत्रीखाली. मला वाटलं, गंजली असेल. तर ही बया थंडीभर पत्रा ठोकत बसली होती, आणि मला पत्ता नाही!

नाही म्हटलं. चार वेळा म्हटलं. ती आपली कॉफी ओतून घेत राहिली. चोवीस वर्षांची घोडी, पण मान अशी वाकडी करते की वाटावं माझा भाऊच समोर बसलाय. "तू नाही बसवलास तर हॉइट बसवेल."

हॉइट! कुठल्याही इंजिनाच्या कुठल्याही दुखण्यावर त्याला एकच औषध माहीत — आणखी मोठा कार्बोरेटर. स्वतः दर शनिवारी पळतो आणि दर शनिवारी मागे राहतो.

१७ एप्रिल

त्या गाढवाच्या हातात जाण्यापेक्षा माझ्या हातात बरी. हो म्हणून कळवलं.

२१ एप्रिल

साडेआठशेचा, म्हणजे मिनिटाला साडेआठशे घनफूट हवा ओढणारा, परत दिला. ट्वायला फुरंगटली. "मोठा म्हणजे जास्त ताकद ना?" सगळे हेच म्हणतात. अगं, इंजिन जेवढा श्वास घेतं तेवढाच घेणार. बोगद्याएवढा घसा दिलास तर हवा रेंगाळते, आणि रेंगाळणारी हवा पेट्रोल ओढत नाही. वळणातून निघताना पेडल दाबलंस की गप्प! आपलं मैदान मातीचं, लहान, अर्धा वेळ वळणातच जातो. साडेसहाशेचा बस झाला.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"मी सातवीत शाळा सोडली. मला पुस्तकं विचारू नकोस."

माझ्याकडे साडेसहाशेचे दोन. एक लेलँडच्या गाडीवरून काढलेला. त्याला हात लावला नाही. दुसरा सगळा सुटा केला, धुतला, नवी पॅकिंग घातली. बोटांची कातडी सोलली.

२८ एप्रिल

दुपारी रिकाम्या मैदानावर चालवून पाहिली. आधी बहात्तरचे जेट होते. जेट म्हणजे काय, पितळेचा वाटाण्याएवढा तुकडा आणि त्याला भोक — मोठा नंबर, जास्त पेट्रोल. जरा जड वाटली. सत्तरचे घातले. मग काय सांगू! वळणातून गोळीसारखी सुटली. पूर्ण वेगात इंजिन बंद करायला लावलं, प्लग काढले. भाजलेल्या पावासारखा तांबूस रंग, आठही प्लगांना — हवा आणि पेट्रोल बरोबर जुळल्याची खूण.

इतकं नेमकं मी आयुष्यात एकदाच जमवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात. त्यावर लेलँड ओळीने पाच शनिवार जिंकला आणि सहाव्या शनिवारी भिंतीत गेला.

मला कुणी बोललं नाही. गाडीत दोष नव्हताच. दोष नव्हता, तेच तर! म्हणून तर तेवढ्या वेगात गेली.

ट्वायला हेल्मेट काढून हसत होती. घड्याळ माझ्या हातात होतं. बापापेक्षा वेगवान आहे. तिला खरा आकडा सांगितला नाही.

३० एप्रिल

इथे लिहिते. तोंडाने कुणाला सांगणार नाही.

सत्तरचे काढले, ऐंशीचे घातले. फ्लोटही, आतला तरंगता गोळा, वर उचलला, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल जास्त राहील. आमचा बाप म्हणायचा, ओलं इंजिन हळू पळतं, पण घरी येतं. कोरडं ठेवलं तर पिस्टन जळतो. ओलं ठेवून कुणाचं वाईट झालं नाही.

मागे राहील. हंगामभर मागे राहिली की कंटाळेल, गाडी विकेल. दातांच्या डॉक्टरकडे चांगली नोकरी आहे, ती करील.

मला पोरगी जिवंत हवी. जिंकलेली नको.

६ मे

काल पहिली शर्यत. वीस गाड्यांत सोळावी. एकही टक्कर नाही, सगळ्या फेऱ्या सलग. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मी दोन सँडविच खाल्ले.

९ मे

तिचा फोन. "आत्या, गाडी हळू असली की खोकते."

"गाडी नाही, तुझा पाय खोकतो. पेडल अलगद दाबायला शीक."

मग म्हणाली, "बरं." लेलँडची मुलगी आणि बरं!

१३ मे

जिवंत आहे.

१४ मे

काल याहून जास्त लिहवलं नाही.

सहाव्या फेरीला कुणाची तरी गाडी गरकन फिरली, चाक निखळलं. पिवळा झेंडा. मग ती ओढून नेईपर्यंत सगळ्या गाड्या एकामागे एक, संथ. नऊ फेऱ्या. नऊ! ओलं इंजिन संथ फिरत राहिलं की आत पेट्रोल साचत जातं, प्लग भिजतात. हे शेंबड्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं का? पण माझ्या डोक्यात फक्त वेग बसला होता. संथ चालून कुणी मरतं का!

त्या संथ फेऱ्यांतल्या पाचवीला तिच्या मागून काळा धूर दिसला. तेव्हा समजलं. कठड्यावरून ओरडले. एवढ्या आवाजात कोण ऐकतं?

हिरवा झेंडा. सगळ्यांनी पेडल दाबलं. तिची गाडी खोकली आणि जागीच बसली. मागे चार गाड्या. हॉइटने कशीबशी चुकवली. त्याच्यामागच्याने चुकवली नाही, तिला आडवी फिरवली. तिसरा सरळ तिच्या दारात.

पत्रा कापून काढायला चाळीस मिनिटं लागली. ती ओरडत होती तोवर मला बरं वाटत होतं. मग ओरडणं थांबलं.

१६ मे

डे मॉइन शहरातल्या हॉस्पिटलात डावा पाय गुडघ्याखाली काढला.

१८ मे

किराणा आणायला गेले. हॉइट तिथे दोघांना सांगत होता, "शेवटी बाईमाणूस ते. हिरवा दिसला आणि हातपाय गळाले. पेडल दाबलंच नाही तिने! मी मागेच होतो ना." दोघे माना हलवत होते.

मला पाहून टोपी काढली. "तू मनाला लावून घेऊ नकोस, व्हर्डा. तुझा कार्बोरेटर होता म्हणजे गाडी ठणठणीतच असणार."

मी थँक्यू म्हटलं. थँक्यू! पिशवी उचलली आणि बाहेर आले.

उद्याच्या उद्या जाऊन ट्वायलाला सांगायचं. मग ती मला काय म्हणायचं ते म्हणो.

१९ मे

गेले नाही. उगाच गॅरेज झाडलं.

२० मे, रविवार

सांगायला म्हणून हॉस्पिटलात गेले. खुर्ची ओढायच्या आत तीच बोलली. "आत्या, लोक म्हणतात ते खोटं आहे. मी पेडल दाबलं होतं." मग थोडं पाणी प्यायली. "शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी प्लग काढून पाहिले होते गं. काळे कुळकुळीत. वाटी उघडली तर ऐंशीचे जेट. सत्तरचे माझ्याकडे होते, अर्ध्या तासाचं काम. हातात घेतलेही होते. मग म्हटलं, आत्याने घातलेत ना, म्हणजे मला दिसत नाही असं काहीतरी तिला दिसलं असेल. तसेच ठेवले."

तिच्यासाठी नेलेला धुतलेला गाऊन तिच्या कपाटात ठेवला आणि निघून आले.