पाटावरची सुपारी

३ फेब्रुवारी
नागपूरला आलो एकदाचा. बदलीचं कळल्यावर पुण्यातले सगळे असे हळहळले, की जणू मला काळ्या पाण्यावर धाडलंय. मी मात्र खूश आहे. हुडकेश्वरच्या पुढे उमरेड रस्त्याला शेत घेऊन टाकलं. विहीर, संत्र्याची बाग, मधोमध टुमदार बंगला. लेकीची, नूपुरची दहावी मार्चात संपली, की ती आणि अरुंधती पुण्याहून थेट शेतावर राहायला येतील. तोवर मी मनीषनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. शेतावर नत्थू आहे, आधीच्या मालकाचा राखणदार. सांगाल ते अक्षरशः करतो, त्यापलीकडे काडी हलवत नाही. बैलालासुद्धा तहान लागलेली आपली आपण कळते.

११ फेब्रुवारी
आपली संत्री विकली जातील ती जागा पाहावी म्हणून कळमन्याच्या बाजारात गेलो आणि संत्र्याच्याच सालीवरून घसरलो. घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर. भोवती जमलेल्या रिकामटेकड्यांपैकी एकाने वाकून विचारलं, काहून पडला गा? म्हटलं, हौस होती!
आता घर हलवण्याची सगळी मांडामांड पलंगावर पडून, फोनवरून. व्हिडिओवर बंगला दाखव म्हटलं तर नत्थू निम्मा वेळ स्वतःचा अंगठाच दाखवतो. दिवसातून दहादा त्याला विचारावं लागतं, अक्कल गहाण ठेवलीय का? तो म्हणतो, हो मालक.

२० फेब्रुवारी
सासूबाईंच्या हट्टापायी वास्तुशांत उरकली. अरुंधती सकाळच्या विमानाने आली, संध्याकाळच्या विमानाने परत. मला मांडी घालता येईना, गाडीत बसवेना, म्हणून गुरुजींनी पाटावर माझ्या जागी सुपारी ठेवली. तिला गंध लावलं, माझं नाव-गोत्र घेऊन संकल्प सोडला. मी फोनच्या पडद्यावर बघत होतो. अरुंधती त्या सुपारीशेजारी इतक्या अदबीने बसली होती, की माझ्या शेजारी कधी बसलेली आठवत नाही.
जाताना गुरुजींनी बजावलं, की दिवस मावळायच्या आत सुपारी विहिरीत सोडा. एका नावाचे दोन धनी एका घरात नांदत नाहीत, एकाला पाण्यात जावंच लागतं. दक्षिणा वाढवून घ्यायच्या या तऱ्हा मला ठाऊक आहेत.
अरुंधती विमानतळाकडे निघाली आणि नत्थूचा फोन, सुपारीचं काय करू? माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी येईपर्यंत तिलाच मालक समज. चहा दे, ताट वाढ, अंथरूण घाल आणि ती सांगेल ते ऐक.
हो मालक, म्हणाला.

२७ फेब्रुवारी
पुण्याहून सामानाचा ट्रक शेतावर पोचला. काय कुठे ठेवायचं हे त्या ठोंब्याला समजावायला फोन केला, तर म्हणे सगळं लावून झालं. फोटो मागवले. माझं टेबल खिडकीकडे पाठ करून, पुस्तकं उंचीप्रमाणे, घड्याळ दाराच्या वर. अगदी मी लावलं असतं तसं. कोणी सांगितलं म्हणून विचारलं. तर म्हणाला, मालकानं सोता उभं राहून लावून घेतलं. सकाळीच ढोसली असणार. मीही म्हटलं, मालकांना माझा नमस्कार सांग.

४ मार्च
हा गाढव खरंच सुपारीपुढे रोज ताट वाढतो! तुमीच तं सांगतलं होतं, म्हणाला. मला हसू आवरेना. मग त्या ताटाचं काय करतोस, विचारलं. आधी कावळ्याले टाकत होतो, म्हणे, आता काही उरतच नाही. फक्त वरणात मीठ कमी पडलं, की ताट डाव्या हातानं सरकवून देतात.
ती माझी सवय आहे. नत्थूने मला जेवताना कधी पाहिलेलं नाही.

९ मार्च
आज नत्थूला सांगितलं, ती सुपारी आत्ताच्या आत्ता विहिरीत टाक. त्याने तिथे कोणाला तरी विचारलं. मागून उत्तर आलं, अक्कल गहाण ठेवलीय का?
आवाज माझा होता.
मालक नको टाकू म्हणून राहिले, नत्थू म्हणाला.
मला भीती वाटतेय. मलाच हसू येईल असं हे वाक्य आहे, पण येत नाही.

१४ मार्च
गुरुजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, की सुपारी जेवली का? हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. पुन्हा उचलत नाहीत —

१८ मार्च
अरुंधतीला सांगितलं, उद्या येऊ नकोस. ती चिडली. सकाळी तूच फोन करून लवकर या म्हणालास, आता हे काय?
सकाळी मी फोन केला नव्हता.

१९ मार्च
विमानतळावर निघालो होतो. जिन्यात कुबडी निसटली. रांगत वर आलो.
अरुंधतीचा फोन चुकून लागला, गाडीतून. ती कोणाला तरी विचारत होती, प्लास्टर कधी काढलंस? किती छान चालतोस! मागून नूपुर — बाबा आज एकदाही ओरडले नाहीत म्हणून —
तो कटला. मी तिला फोन लावला. त्यानेच उचलला. तिला सांगत होता, कोणी रिकामटेकडा आहे, लक्ष देऊ नकोस. दोघी हसल्या. माझ्या दोघी —

दुपार
ते पोचले असतील. फोन लागत नाही.
दारात नत्थू. हातात पोतं. मालकानं पाठवलं म्हणतो. दिवस मावळायच्या आत — विहिरीत — एका नावाचे दोन —
ओरडून सांगितलं, तुझा मालक मी आहे.
हो मालक, म्हणाला. आणि पोत्याचं तोंड उघ