शालूच्या फॉर्मवरचा अंगठा

मलकापूर,
ता. ५ जानेवारी १९६६

ती. स्व. बनाताईस,
धाकट्या सहदेवाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे लाडू पोचले आणि संपलेही. शाळेने मुलांना पुढची वाट सुचवायचं काम माझ्या गळ्यात घातल्यापासून जिवाला चैन नाही बघ. तुमच्या संग्रामपूरच्या कडूबाची शालू इथे वसतिगृहात राहून अकरावीत शिकते. तिला नागपूरला नर्सिंगला जायचंय. फॉर्म भरून आणला, तर त्यावर बापाचा अंगठा एवढासा! मी नुसतं पाहिलं आणि पोरगी रडायलाच लागली. अंगठा तिनेच उठवलेला. कोणाला सांगू नका म्हणाली, मी शब्द दिला.

आता फॉर्म पाठवावा तर लबाडी, ठेवून घ्यावा तर मुदत संपते आणि चैत्रात तिचं लग्न लावतील. तू कडूबाच्या मनाचा जरा अंदाज घे. अंगठ्याचं मात्र बोलू नकोस हं.

तुझा,
सहदेव

संग्रामपूर,
ता. ११ जानेवारी

चि. सहदेवास ताईचे लाख आशीर्वाद.

सल्लामास्तर, अंदाज घेनं मले जमत नाही, हे तुले ठाऊक हाये. कडूबाच्या घरी गेली अन् सारंच सांगून बसली. वाटलं, खरं सांगतलं तं मानूस नरम पडंन. कायचा पडते! नागपूरचं त्यानं मनावरही घेतलं नाही. मी जित्ता असतानी माहा अंगठा पोरीनं काऊन उठवला, हेच धरून बसला. मांगतला असता तं देल्ला असता, म्हने. उद्याच्या मोटारीनं तिले आनाले निघून राह्यला. तिले मारू देऊ नको, बाप्पा. मले भाकर गोड लागून नाही राह्यली.

तुही चुकलेली,
बनाताई

मलकापूर,
ता. १७ जानेवारी

ती. स्व. ताईस शि. सा. न.

कडूबा आला. मारलं नाही. माझ्या खोलीत येऊन कोरा फॉर्म मागितला आणि अंगठा असा दाबला की शाई टेबलावर लागली. शालू नागपूरला जाणार! मी पेढे आणायलाच निघालो होतो.

पण बाप गेल्यावर पोरगी दारातच थांबली. आज ना उद्या वडिलांना मीच सांगणार होते, म्हणाली. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्यावर विश्वास ठेवून बोलले होते, ते गावभर झालं. मला लाज वाटली, ताई.

तुझ्यावर राग नाही. तुला लिहिलं ते मीच. पण चार दिवस झाले, वसतिगृहातली एकही पोर माझ्या खोलीकडे फिरकत नाही. रोज दार उघडून बसतो.

तुझा लोभ आहे तसाच राहील, हे न मागताही ठाऊक आहे. या पोरींचा विश्वास काय तोंडाने परत मागू?

सहदेव