लामसाहेबांपुढे फुटलेली सुपारी

॥ श्री ॥

मु. पो. तेल्हारा, जि. अकोला
मिती पौष शुद्ध एकादशी

राजमान्य राजेश्री केशवराव व्याही, मुक्काम अमरावती, यांचे सेवेशी खुशालराव याचा रामराम. कृ. सा. न. वि. वि. (ही अक्षरे चौथीत गुरुजींनी घोटून घेतली होती. त्यांचा विस्तार आज संपूर्ण स्मरत नाही; परंतु क्रम बरोबर आहे, याची खात्री असावी.) इकडील सर्व कुशल असून आपल्या गुडघ्याचे वर्तमान कळवावे. मागील पत्रात आपण उजवा गुडघा लिहिला होता आणि आपली कन्या, म्हणजे आमच्या सूनबाई, फोनवर डावा ऐकतात. दोन्ही दुखत असल्यास तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे इकडे वाद राहणार नाही. फोन न करता पत्र का, असे आपणास वाटेल. सांप्रत मी फोनवर बोलत नाही. कारण पुढे ओघाने येईल.

आपली व आमची नात आचल हिने दातांची डॉक्टरी आपल्या घरी राहून अमरावतीस केली. तेव्हा पुढील प्रकरणात आपलाही थोडा अंश आहे, हे आरंभीच नमूद करतो. अमेरिकेत ती ज्यांच्या दवाखान्यात काम करते ते डॉक्टर लाम, त्यांच्या ऐंशी उलटलेल्या मातोश्री आणि लामसाहेबांचा मुलगा तुआन, असे तिघे गेल्या महिन्यात तिच्यासह तेल्हाऱ्यास आले. गाव पाहण्यास येत आहेत, असे तिने कळविले होते. तेल्हाऱ्यात पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मला तेव्हाच पडावयास हवा होता, पडला नाही. मंडळी अमेरिकेची, परंतु मूळची व्हिएतनामची. आमच्या शाळेतील नकाशावर असा देश नव्हता, तेथे इंडोचायना असे लिहिलेले होते, आणि मी तसे त्यांच्या निदर्शनास आणून दिले. लामसाहेब म्हणाले, अगदी बरोबर, त्यांच्या वडिलांच्या शाळेतही तोच नकाशा होता. नकाशाही बरोबर आणि देशही बरोबर, मग चुकले कोण, हे मला अद्याप समजलेले नाही.

पाहुण्यास गाव आणि शेती विचारावी, ही आपली रीत. मी विचारले. लामसाहेबांनी सांगितले (ते इंग्रजीत बोलले, आचलने मराठी केले, वाटेत काय सांडले, कोण जाणे), भाताचे शेत होते, ते अकराव्या वर्षी सोडले. विकले काय, तर नाही. बटईने दिले काय, तर नाही. तसेच सोडले आणि आईबरोबर नावेत बसले. उभे शेत सोडून माणूस नावेत का बसतो, हे मला तीनदा विचारावे लागले. तेही युद्ध संपल्यावर बसले. चालू असता बसले असते तर समजले असते. (वडिलांना नवे सरकार घेऊन गेले, ते परतले नाहीत, एवढे आचल हळू आवाजात म्हणाली. मग मी चौथ्यांदा विचारले नाही.) नऊ दिवस समुद्रात काढले. चौफेर पाणी आणि पिण्यास घोट नाही. हे मात्र मला तत्काळ समजले. आपल्या खारपाणपट्ट्यात विहीर तुडुंब असून पाणी तोंडात धरवत नाही. मी तसे सांगताच लामसाहेबांनी आमच्या विहिरीचे पाणी मागितले, चाखले, मातोश्रींना चाखविले, आणि मायलेक एकमेकांकडे पाहून हसू लागले. त्यात हसण्यासारखे काय होते, ते कळले नाही.

त्या नऊ दिवसांत या अकरा वर्षांच्या मुलाची, म्हणजे लामसाहेबांची, दाढ ठणकत होती. नाव मलेशियाच्या किनाऱ्यास लागली. तेथे निर्वासितांच्या छावणीत एका परक्या डॉक्टराने त्यास तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसवून दाढ काढली, आणि ती निघेपर्यंत नर्सबाईने त्याचा हात धरून ठेवला. तेथेच मुलाने ठरविले, की आपण हेच करावयाचे. पुढे अमेरिकेत हॉटेलात भांडी घासली, शाळेच्या फरशा पुसल्या, भाषा शिकले, परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा डॉक्टर झाले. (मी चौथी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालो, हे मी नम्रपणे सांगितले. त्यांनी अभिनंदन केले.) आता ते फॅमिली डेंटिस्ट आहेत. म्हणजे घरे ठरलेली. आजोबा, बाप, नातू, सर्वांचे दात एकाच माणसाकडे. मी म्हणालो, म्हणजे दातांचे बलुतेदार; घराचा सुतार ठरलेला, न्हावी ठरलेला, तसे. हे इंग्रजीत सांगण्यास आचलने बराच वेळ घेतला. ऐकून लामसाहेब उठले आणि त्यांनी माझा हात पुष्कळ वेळ हलविला. एक गाव सुटले आणि इतकी घरे मिळाली, असे काहीसे म्हणाले.

येथवर ठीक होते. मग आमच्या कुटुंबाने, म्हणजे जमुनेने, पानाचे तबक आणून माझ्यापुढे ठेवले. (पितळी अडकित्ता चिंचेने घासून लखलखीत केलेला होता. हे मला खटकावयास हवे होते.) दारी आलेला माणूस पानसुपारीवाचून जाऊ द्यावयाचा नाही, हा आमच्या घराचा नियम. मी सुपारी फोडली. माझी कातरलेली सुपारी कागदासारखी पातळ निघते, हे आपणास ठाऊक आहे. आपली जाड निघते. विडा करून मातोश्रींपुढे धरला. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी विडा घेतला, कपाळास लावला, डोळे पुसले, आणि लाल कापडाखाली झाकलेले एक ताट पुढे केले. त्यातही पाने आणि त्यातही सुपारी, हिरवी, देठासकट. मला वाटले, अमेरिकेतही आता ही सोय झालेली दिसते. मी त्यांची घेतली, त्यांनी माझी. नंतर त्यांनी आचलच्या कानांत सोन्याच्या रिंगा घातल्या. मी समजलो, कामात चोख असल्याबद्दल बक्षीस असेल. तुआन वाकून माझ्या पाया पडला. पाया पडणारास मी आयुष्मान हो म्हणतो, तसे म्हणालो.

पाहुणे पाहण्यास आमचे शेजारी नत्थुजी ओसरीवर येऊन बसले होते. ते म्हणाले, "सुपारी फुटली न खुशालराव. पाच मानसं हाजर हायेत, मोजून घ्या. आता लगन कवा?" मी विचारले, कोणाचे. तेव्हा आचल खाली पाहू लागली. मग उलगडा झाला, की व्हिएतनामातही मुलगी मागावयाची ती पानसुपारीनेच. दिली आणि घेतली, की ठरले. म्हणजे त्यांच्या रीतीने ठरले, पाच माणसांदेखत सुपारी फुटली म्हणून आपल्याही रीतीने ठरले, आणि ठरविणारा मीच काय तो अनभिज्ञ.

आता संकट पाहावे. सात वर्षांपूर्वी नत्थुजींनी स्वतःच्या मुलाचे ठरलेले लग्न मोडले, तेव्हा भर पंचांत फुटलेली सुपारी सांधता येते काय, असे त्यांना विचारणारा मीच. परवा ते तेच वाक्य मला परत करून गेले, वर म्हणाले, "तुमीच शिकोलं." पौषात सुपारी फोडत नाहीत, म्हणून मी मोठ्या आशेने दिनदर्शिका काढली, तर त्या दिवशी पौष लागण्यास तीन दिवस अवकाश होता. आमचे चिरंजीव आणि सूनबाई, "बाबा, तुमी म्हनसान तसं," एवढे बोलून मोकळे. मुलगा वाईट आहे असे मी म्हणत नाही. ठेचा खाऊन रडला, परंतु ताटात टाकला नाही. तथापि पोर समुद्रापलीकडे जाणार. आणि ज्यांचे गाव एकदा पायाखालून गेले, त्यांचे पुढचे गाव टिकेल, याची हमी कोणी द्यावी? हे मी रागाने लिहीत नाही. न समजून लिहीत आहे.

फोनचे कारण राहिले. दुसऱ्या दिवशी लामसाहेब मला म्हणाले, तुम्ही सर्वांना सुपारी दिली, स्वतः खाल्ली नाही. चार वर्षे मी सुपारी दाताखाली धरलेली नाही, हे घरातील कोणाच्या लक्षात आले नव्हते. भाकर दुधात मोडून खाणे ही माझी आवड आहे, असाच सर्वांचा समज होता (तो मीच करून दिला होता). त्यांनी मला सोयाबीनच्या कट्ट्यावर, म्हणजे भरल्या पोत्यावर, बसविले, मोबाईलच्या उजेडात तोंड पाहिले, आणि या देशात इलाज करण्याचा अधिकार मला नाही, अकोल्यास चला, असे म्हणाले. अकोल्याच्या डॉक्टराने समोरचे चार दात काढले. लामसाहेब नुसते शेजारी उभे होते. त्यांनी माझा हात धरला आहे, असे मला जाणवले. मी लहान मूल नाही, असे त्यांना सांगावयाचे होते. परंतु तोंडात अवजारे होती. शेवटचा दात निघाल्यावर डोळे उघडून पाहिले, तर हात मीच धरलेला होता.

मंडळी परत गेली. कवळी येत्या शुक्रवारी बसणार आहे. तोवर माझ्या बोलण्यातून वारा जातो, आणि तो व्याह्यांच्या कानी पडू नये, म्हणून हा पत्रप्रपंच. विहीणबाईंस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला नम्र,
खुशालराव
(इयत्ता चौथी, उत्तीर्ण)

ता. क. मूळ विनंती लिहावयाची राहिली. मी शब्दाने बांधलेला आहे, आपण नाही. सुपारी फुटली तेव्हा आपण हजर नव्हता, आणि आजोळच्या होकारावाचून मुलीचे लग्न शोभत नाही. तरी आपण परतटपाली कडक विरोधाचे पत्र पाठवावे. शुद्धलेखन मी पाहून घेईन.

दुसरा ता. क. पाकीट बंद करण्यापूर्वी सूनबाईंनी हे पत्र जमुनेस वाचून दाखविले. जमुना म्हणते, "ज्याच्या सामने तोंड उघडलं, त्याले परका काहून म्हनता?" आणखी असे कळते, की व्हिएतनामची रीत आचलने तिला महिनाभर आधीच सांगितली होती, अडकित्ता त्यासाठीच घासला होता, आणि त्या हिरव्या सुपाऱ्या अमरावतीत हिंडून आपण स्वतः मिळवून दिल्या होत्या. गुडघा तेव्हा दुखत नसावा. असो.

तिसरा ता. क. तरीही विरोध करावा. कडक नको, मध्यम चालेल. आपण विरोध केल्याखेरीज मला येऊन आपली समजूत काढता येणार नाही. आणि हे लग्न घरातील कोणातरी वडीलधाऱ्याने समजून उमजून ठरविले, असे दिसले पाहिजे. रविवारी सकाळच्या एसटीने निघतो. आपले पत्र तोवर न आल्यास विरोध आहे, असे गृहीत धरीन. जेवणास रोडगे करावेत, चांगले कडक भाजून. सुपारी मी कातरून आणतो. आपली जाड निघते, आणि या वेळी मलाही खावयाची आहे.