टाचेची रेघ

अप्पा, तुमच्या ग्रीक फोरमनच्या गोष्टीत परवा माझ्या लेकीने मला अडवलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुमची जांभई आठवते. मग शारजातली ती एका खोलीची जागा येते, खिडकीत घरघरणारा एसी येतो, आणि यार्डातून आल्यावर कितीही घासून धुतले तरी डिझेलचा वास न सोडणारे तुमचे हात. आई पलीकडे भांडी आवरते आहे. तुम्ही आडवे होता, मी तुमच्या दंडावर डोकं ठेवतो आणि म्हणतो, "अप्पा, यल्ला, चला, गोलकीपर!"

की सत्तरीला टेकलेला तुमचा फोरमन तरुण होऊन त्याच्या बंदरगावात उभा. त्याच्या देशात तेव्हा फुटबॉल नुकता कुठे रुजत होता. मैदान म्हणजे खडी आणि धूळ, हातमोजे कुणी पाहिलेले नाहीत. दिवसभर बोटीवरून फेकलेल्या संत्र्यांच्या पेट्या झेलायच्या आणि संध्याकाळी चेंडू. त्याचं इंग्रजी मोडकं, तुमचं त्याहून मोडकं, त्यामुळे मधल्या फटी तुम्ही बिनदिक्कत मराठीने बुजवल्या होत्या. तुमच्या गोष्टीत अथेन्सचे प्रेक्षक "अरे, पकड की लेका!" असं ओरडायचे आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

शुक्रवारी सकाळी, बिल्डिंगमागच्या वाळूत रंगाचे दोन रिकामे डबे ठेवून तुम्ही मला त्याची युक्ती शिकवता. गोलच्या बरोबर मध्यावर उभं राहायचं आणि टाचेने पुढे सरळ रेघ ओढायची. चेंडूमागे कितीही पुढे धावलं, तरी परतताना पायाखाली रेघ दिसते आणि आपली जागा कळते. "चेंडूकडे पाठ करायची नाही. मागे बघितलंस की खलास." वारा रेघ पुसायचा, मी पुन्हा ओढायचो. तुम्ही सावलीत बसून हसता आहात असं अजून दिसतं, पण तिथे सावली कशाची होती ते काही केल्या आठवत नाही.

गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी येऊन अडायची. त्याला देशाच्या संघात घेतलं. बोटीने परदेशी गेला, वाटभर ओकला. मैदानात उतरला तर पायाखाली हिरवंगार गवत, जन्मात पहिल्यांदा. सवयीने त्याने टाच ओढली. गवत वाकलं आणि परत ताठ झालं. रेघ उठेना. एक गोल झाला, दुसरा झाला, तिसरा. "मग?" मी विचारायचो आणि तुम्ही घोरत असायचात. ओव्हरटाइम करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, ही आईची सक्त ताकीद. त्यामुळे तो बिचारा त्या गवतावर तसाच उभा राहायचा, आणि झोपेत मी त्याच्या शेजारी. गवत ओलं असायचं, थंड. खरं तर इतकं गवत मी तोवर कुठे पाहिलंही नव्हतं.

आता आम्ही दुबईत, अल बर्शात राहतो आणि लेक शाळेच्या टीमची गोलकीपर आहे. रेघेची युक्ती मीच तिला शिकवली, समुद्रकाठच्या वाळूत, मोठ्या तोऱ्यात. गवताचा भाग मात्र कधी सांगितला नाही. शेवट नसलेली गोष्ट पोरीला कशी सांगणार? परवा तिची पहिली मॅच झाली, खोट्या गवतावर. तिने टाच घासली, पुन्हा घासली, खाली बघत राहिली आणि चेंडू डोक्यावरून गेला. मग एकामागून एक जातच राहिले. गाडीत बसल्यावर ती रडत म्हणाली, "बाबा, देअर वॉज नो लाइन. आय अ‍ॅम नॉट प्लेइंग अगेन." मग ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या तिला गवताचा भाग सांगितला. तिचं रडणं थांबलं.

"सो व्हॉट डिड ही डू?"

गाडी चालवताना मला तुमच्यासारखी घोरायची सोय नव्हती. मी म्हणालो, "वळला."

"मीन्स?"

"मागे वळून बघितलं त्याने. गोलचे दोन्ही खांब बघितले आणि मधोमध जाऊन उभा राहिला. दर वेळी."

"इज दॅट अलाउड?"

"अगं, अलाउड आहे."

आज ती खेळली. हरल्याच पोरी, पण ती शेवटपर्यंत उभी होती. चेंडू लांब गेला की झटकन वळायची, खांबाला हात लावायची, मध्यावर यायची. एकदा वळली तेव्हा जाळीमागे मी होतो. हसली नाही, कामात होती. ऊन कलत होतं आणि माझ्या शेजारी कुणीतरी लांबलचक जांभई दिल्यासारखं वाटलं. मी बघितलं, तर कुणी नव्हतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकतो. शेवट मी मनाने केला. तुमचा फोरमन खरंच वळला की नाही, देव जाणे. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल आणि म्हणूनच नेमकी तिथे झोप येत असेल. पण हा शेवट तुम्हाला पटत नसेल, अप्पा, तर तुम्ही जागं राहायचं होतं.