नऊ वितींचा घोडा

दि. २ डिसेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडे पडद्यांच्या कारखान्यात तुला रागवायला कुणी मिळतं की नाही, ही अण्णांची मोठी चिंता आहे. इकडे तुझी जागा त्यांनी स्वतःच घेतली आहे. काल माझे टोपलीभर पाव करपले, तर बेकरीत येऊन, गिऱ्हाइकांदेखत, शाळेतली घंटा वाजवायचे त्याच जोशात त्यांनी मला विचारलं की तुझं लक्ष असतं कुठे.

लक्ष कुठे असतं ते तुला सांगतो. वर्षअखेरची सुट्टी आली, म्हणजे आपली सोंगांची दुपार आली. जुने कपडे, रद्दी, खळ आणि सुतळी यांतून सोंगं करायची, अंगणात चार शेजारी बसवायचे आणि तासभर वेडेपणा करायचा, हे आईने सुरू केलं आणि तिच्यामागे तू एकदाही चुकू दिलं नाहीस. यंदा तुला रजा नाही. पण मी ठरवलंय की सोंगं होणारच. कारण यंदा घरात दोन नवी माणसं आहेत आणि त्यांतल्या एकीला मला घरातली करून घ्यायची आहे.

ही तर केव्हाच घरातली झाली, मलाच पाहुणा म्हणते. प्रश्न हिच्या लेकीचा आहे. नाव भिंगरी, पण लग्नानंतर इथे राहायला आल्यापासून पोर एका जागी बसून असते. वाईट वागत नाही गं. मी आणलेलं खाते, पांघरूण घातलं तर ओढून घेते. पण मला हाक मारत नाही. ना काका, ना बाबा, ना अहो, ना अरे. मी समोर उभा असतो आणि ती आईला सांगते की त्यांना म्हणावं कडी घाला. एका खोलीत राहून टपालाने निरोप यावेत तसं झालंय. परवा मी अगदी साखर पेरून विचारलं की सोंगांच्या दुपारी तू काय होणार. तर आईकडे बघत म्हणाली, काही नाही.

लोक म्हणतात सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मला विचारशील तर बापाचंही आणता येत नाही. मी करून पाहिलंय. खिशात गोळ्या ठेवून पाहिल्या, शाळेत सोडायला जाऊन पाहिलं. गोळ्या अण्णांनी खाल्ल्या.

असो. काम असं की आपला सोंगाचा जुना कापडी घोडा कसरीने खाल्ला. पोटातून आकाश दिसतं. नवा शिवून पाठवशील का? इतकी वर्षं तू पुढचे पाय आणि मी मागचे. आता मला बढती मिळाली आहे, मी पुढे आणि ही मागे. माप आपल्या पद्धतीने घेतलं आहे: नाकापासून शेपटापर्यंत नऊ वीत, पाठीपासून पोटापर्यंत चार. टेप शोधत बसलो नाही. हात काय शेजाऱ्यांकडे ठेवलेत का, असं आई ओरडली असती.

लोभ असावा, आणि जमल्यास शेपटापुरती सुतळीही असावी.

तुझा,
भाऊ


दि. ८ डिसेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

घोडा कापायला घेतला आहे. इथे एका नाटकगृहाचा पडदा शिवणं चालू आहे, त्याची तपकिरी मखमल इतकी उरते की घोडा काय, हत्तीसुद्धा निघेल. मुकादमीण म्हणाली, कातरण हवी तेवढी ने. घोड्याच्या पोटात मागच्याला धरायला पट्टा शिवते आहे. जुन्या घोड्यात तू माझा पदर धरायचास आणि दर वर्षी एक साडी फाडायचास, ते मी विसरलेले नाही.

डोकं मात्र तिथेच करा, टपालात चेपेल. मोठा फुगा फुगवायचा, त्यावर रद्दीच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, वाळल्या की पुन्हा चिकटवायच्या, आणि तिसऱ्या थरानंतरच फुगा फोडायचा. तू दुसऱ्याच थराला फोडशील, मला ठाऊक आहे. अण्णांना यंदाही झाडच करा. खुर्चीत बसून झोपता येईल असं ते एकच सोंग आहे. पानांसाठी पावाच्या पुड्यांचे कागद वापर. तुझ्या बायकोला राणी करायची असेल तर मुकुट बिस्किटांच्या पुठ्ठ्याचा होतो, पण घोड्याचे मागचे पाय आणि राणी एकाच वेळी कशी होणार ते तुम्ही बघा.

आता भिंगरीचं. पोराला कधी विचारू नये की तू काय होणार. मोठ्या माणसांना तरी ते कुठे सांगता येतं? तिच्यापुढे कात्री, कागद आणि खळीचं भांडं ठेव आणि तिथून निघून जा. बाप व्हायची घाई करू नकोस. पीठ भिजवलं की झाकून ठेवायचं असतं, दर घडीला फडकं उचलून बघायचं नसतं. हे बेकरीवाल्याला मी सांगावं?

आणि एक. जुन्या घोड्याचा नियम तिथे सगळ्यांना नीट सांग. मागच्याला काही दिसत नाही, म्हणून मागच्याने हाक मारायची आणि पुढच्याने ओ द्यायची. ओ दिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तू एकदा हाक न मारता चाललास आणि आपण दोघं पाण्याच्या पिंपात गेलो होतो.

अण्णांना नमस्कार, वहिनीला आशीर्वाद, भिंगरीला खिसाभर रंगीत चिंध्या. माया आहेच, ती काही पार्सलात मावत नाही.

तुझी,
आक्का


दि. १९ डिसेंबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. हे लाजून पत्र लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते आहे. वन्सं, घोडा फार देखणा झालाय, आयाळ तर अशी की अण्णा तिला कंगवा घेऊन बसले. पण तो आखूड आहे. चांगला हातभर आखूड आहे.

आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा यांचं डोकं घोड्याच्या डोक्यात गेलं, आणि माझं डोकं शेपूट जिथे असायला हवं तिथून बाहेर आलं. अण्णा म्हणाले, राणी आणि मागचे पाय एकाच वेळी कसे होणार हा प्रश्न सुटला. मग आम्ही आतल्या आत अडकलो. हे पुढे ओढायला लागले, मी मागे. शेवटी अण्णांनी शेपूट धरून मला बाहेर काढलं. यांचं मात्र म्हणणं की माप बरोबर दिलं होतं, आक्काच्या कारखान्यात कापड आटलं असेल.

भिंगरी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती हसली नाही, पण ओठ आत ओढून धरले होते, म्हणजे हसू दाबत होती. मग ती हळूच पुढे आली आणि मला म्हणाली की वीत कुणाची होती ते विचार. हे म्हणाले, माझीच, आणि हात पसरून टेबलावर ठेवला. पिठाने माखलेला तो पंजा तुम्हाला माहीतच आहे, पावाची लादीच ती. भिंगरीने आपला हात त्याच्या शेजारी ठेवला. यांच्या एका वितीत तिच्या जवळजवळ दोन मावल्या. मग तिने मला विचारलं की घोडा शिवणाऱ्या आत्यांचा हात केवढा आहे. आणि आम्हा तिघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. इतकी वर्षं माप घेणारा हात आणि कापणारा हात एकच होता. यंदा माप यांच्या वितीने घेतलं आणि तुम्ही कापलंत तुमच्या वितीने. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

वन्सं, आता मनातलं लिहिते. काल वेणी घालताना मी तिला विचारलं की तू यांना हाक का मारत नाहीस, ते आवडत नाहीत का. ती म्हणाली, आवडतात. मग म्हणाली की बाबा हा शब्द वापरलेला आहे. तिचे बाबा गेले तेव्हा ती लहान होती, पण ती हाक तिने त्यांच्यासाठीच ठेवली आहे. काका म्हणायचं तर काका आपापल्या घरी जातात, हे तर आपल्याच घरात राहतात. म्हणजे तिच्याकडे माया आहे, शब्द नाही. इथेच घोडं पेंड खातंय. मी यांना हे सांगितलं. मग म्हणाले की शब्दावाचून चालेल मला. पण त्यांना चालत नाही, ते मला दिसतं. आणि मला भीती वाटते की असंच राहिलं तर दोघंही एक दिवस वाट बघायची सोडतील.

आता घोड्याची बातमी. भिंगरी मला म्हणाली की त्यांना सांग, मागे मी मावेन. मी सांगितलं. यांनी बेकरीत जाऊन दोन लाद्या जास्त भाजल्या.

तुमचा लोभ आमच्यावर आहेच, तो तुमच्या वितीने न मोजता यांच्या वितीने मोजून द्यावा.

आपली,
वहिनी


दि. २३ डिसेंबर

चि. भाऊ आणि चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की मुकादमीण धावत आली. भाऊ, अरे, आईचा हात लहान होता आणि तो तसाच्या तसा मला मिळाला. तुझे पंजे अण्णांवर गेले. मी रोज टेप गळ्यात घालून काम करते. पण तुझ्या पत्रात वीत हा शब्द दिसला आणि टेप काढून ठेवला, हात पसरला, कापत सुटले. घरचं काम आलं की माझी अशी अक्कल जाते.

जोडायला मखमलीची पट्टी वेगळी पाठवली आहे. टपालाचा वेग पाहता ती वरातीमागून घोडं म्हणतात तशीच येणार. वेळेत आली तर लगेच जोडू नका. भिंगरीला विचारा. तिला मागे राहायचं असेल तर घोडा आखूडच बरा आहे.

वहिनी, तुझी भीती वाचली. मलाही तीच भीती वाटते. माझा भाऊ मोठ्याने बोलतो पण आतून फार हळवा आहे, हे तू ओळखलंस याचं मला बरं वाटलं. एवढंच सांगते की घोड्यात गेल्यावर हाकेचा नियम मोडू देऊ नका, पण हाक कोणती मारायची ते मात्र तिच्यावर सोडा. घोडामैदान जवळच आहे.

तुमच्या पत्राची वाट या सुईच्या टोकावर बसून बघते आहे.

तुमची,
आक्का


दि. २९ डिसेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शेवटी घोडं गंगेत न्हालं! आता सावकाश वाच, आणि वाचताना मुकादमिणीला बोलावू नकोस.

सोंगांची दुपार काल झाली. डोक्याचा फुगा मी दुसऱ्याच थराला फोडला, त्यामुळे घोड्याच्या गालाला खळगा पडला. भिंगरीने त्यात पुठ्ठा घालून तिथे भला मोठा डोळा रंगवला. एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला लहान. घोडा कायम डोळा मारतो आहे असं दिसत होतं. ही राणी झाली. अण्णा झाड होऊन खुर्चीत बसले, आणि शेजारच्या शिक्षिका टाळ्या वाजवून थकल्या तेव्हा जागे होऊन म्हणाले की मधली सुट्टी झाली का.

घोडा स्वयंपाकघरातून निघून अंगणात यायचा होता. मी पुढे, भिंगरी मागे. पट्टी आली नव्हती, आणि आली असती तरी जोडली नसती. तिची उंची कमी, म्हणून घोड्याचा मागचा भाग खाली गेला. दाराशी बसलेल्या शिंप्याने जाहीर केलं की घोडा नव्हे, तरस आहे. आत अंधार, मखमलीचा उबारा आणि खळीचा वास. मी नियम सांगितला की तुला दिसणार नाही, तू हाक मारायची, मी ओ देईन. हाक येईना. मी थांबलो. लोक बाहेरून ओरडत होते की घोडा अडला. मी तरी थांबलो.

मग मागून, पोटातून, बारीक आवाजात हाक आली. अहो पुढचे.

मला क्षणभर कळलंच नाही की ते मी. मग ओ दिली, जरा जास्तच मोठ्याने दिली. तिने विचारलं की उंबरा कधी येणार. मी म्हटलं, आला, पाय उचल. त्यानंतर तिचं तोंड थांबेना. अहो पुढचे, हळू चला. अहो पुढचे, डावीकडे का? अहो पुढचे, मला शिंक येतेय! ती शिंकली तेव्हा घोड्याचं शेपूट उडालं आणि सगळं अंगण हसून लोळलं. आत आम्ही दोघंही हसत होतो. तिला हसताना मी पहिल्यांदाच इतकं जवळून ऐकलं.

मला वाटलं, ती हाक घोड्याबरोबर घडी घालून ट्रंकेत जाईल. पण आज सकाळी मी चहा घेत होतो. ती मोज्यांचा जोड शोधत आली, आईकडे न बघता सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, पुढचे, माझा दुसरा मोजा दिसला का?

हिने तोंड फिरवलं. मी मोजा शोधला, तिच्या हातात दिला आणि भट्टीपाशी जाऊन मनसोक्त रडलो. गिऱ्हाइकांना सांगितलं की धूर झालाय. मला कुणी बाबा म्हणावं असं फार वाटायचं. आता वाटत नाही. बाबा पुष्कळांना म्हणतात. पुढचे मला एकट्याला म्हणतात.

तुझा लोभ आहे तो तसाच आखूड न होता राहो.

तुझा,
पुढचे (पूर्वीचा भाऊ)


दि. ४ जानेवारी

ती. आत्यास,
नमस्कार. त्यापुढची अक्षरं मला माहीत नाहीत.

घोडा छान होता. पट्टी काल आली. पुढचे म्हणाले ती परत पाठवू, पण मी ठेवून घेतली. कारण मी उंच होणार आहे, आणि मग मी मागे मावणार नाही, आणि मग आईला घ्यावं लागेल. तसं व्हायला नको. म्हणून पट्टी दर वर्षी थोडी थोडी लावायची.

पुढच्या वर्षीच्या मापासाठी मी या कागदाच्या मागे माझा हात ठेवून पेन्सिलीने रेघ काढली आहे. पुढच्यांचा हात कागदावर मावत नव्हता म्हणून त्यांचा अंगठा पाकिटावर काढला आहे. आता चूक होणार नाही.

आजोबा म्हणतात त्यांना पुढच्या वर्षीही झाडच व्हायचं आहे.

तुमची,
मागचे पाय